रेषा चौदा, खूण नऊ

सालेक इंजिनिअरनं मला कामावर घेतलं
कारण तिरीसची वाळू मला पाठ होती:
कुठली चाक धरते, कुठली गिळते,
कुठल्या काळ्या खडकामागं सावली दुपारपर्यंत तग धरते.
पाण्याचं त्यानं विचारलं नाही.
पाणी ते पिंपांतून आणत होते.

दोनशे पावलं, मग खुंटी.
खुंटीला गुलाबी फीत,
हातभर खड्डा,
माती पिशवीत, पिशवीवर पेन्सिलीनं आकडा,
पुन्हा दोनशे पावलं.
सरळ.
उंटसुद्धा असा चालत नाही.
इतकं सरळ आमच्याकडं
फक्त लोखंडाची आगगाडी जाते,
आणि तिलाही समुद्र गाठायची घाई असते.

गॅव्हिनच्या गळ्यात यंत्र.
त्याला एकच शब्द येत होता: टिक्.
वाळूवर ते डुलक्या घेत बोलायचं,
ग्रॅनाइटवर जरा भराभर.
एका चुनखडीच्या थरावर मात्र असं सुटलं
की गॅव्हिन गुडघ्यांवर बसला
आणि बोटाला लागलेली भुकटी त्यानं माझ्यापुढं धरली.
पिवळी. म्हाताऱ्या उंटाच्या दातासारखी.

मी म्हटलं, ही माहीत आहे आम्हाला.
इथं एक विहीर होती,
आजोबा तिला 'थुंकून टाक' म्हणायचे.
सालेकनं भाषांतर केलं,
पण विहिरीचं नाव गाळलं.

रात्री चहाच्या तिसऱ्या पेल्याला मी विचारलं,
खाली किती आहे?
गॅव्हिन म्हणाला, माहीत नाही.
कधी कळेल?
कदाचित नाहीच कळणार.
शंभरांतल्या नव्याण्णव जागा
शेवटी नुसत्या जागाच निघतात.

मी हसलो, त्याला कळलं नाही का.
आमचा जन्म सगळा त्या नव्याण्णवांतच गेला.

रेषा चौदा.
नकाशावर ती कोऱ्या कागदावरून जात होती.
जमिनीवर ती माझ्या आईवरून जात होती.
दोन उभे दगड, नाव नाही.
मुक्काम हलवायच्या सकाळी ती गेली,
उंट लादून झाले होते,
एकाचं ओझं उतरवून फावडं काढावं लागलं.
अकरा वर्षं झाली.

गॅव्हिन मागं बूट उलटा करून वाळू झटकत होता.
मी तीस पावलं डावीकडं गेलो.
हातभर खणलं.
पिशवीवर लिहिलं: १४/९.
त्या दिवशी माझं अक्षर
नेहमीपेक्षा चांगलं आलं.

महिन्याचे पैसे वेळेवर मिळाले, खोटं कशाला बोलू.
त्यांतून दोन शेळ्या आल्या, तंबूचं कापड आलं,
आणि धाकट्या तेकबेरला नवा खेळ मिळाला.
सार्डिनचा रिकामा डबा गळ्यात अडकवून
ती तंबूभर फिरायची.
किटलीवर: टिक्.
झोपलेल्या कुत्र्यावर: टिक्, टिक्.
मामाच्या खिशावर अशी काही टिकटिकायची
की त्यानं लपवलेली साखर काढून दिली.

पुढच्या हिवाळ्यात कुणी आलं नाही.
सालेकचा फोन लागला तेव्हा तो म्हणाला,
भाव पडलाय, पर्थचे लोक दुसरीकडं बघतायत.
पिशव्या? असतील कुठंतरी प्रयोगशाळेत.
कुठल्या देशात, ते त्यालाही आठवेना.

फिती शेळ्यांनी खाल्ल्या.
खुंट्या बायकांनी उपटल्या, तंबूला लावल्या;
चांगल्या आहेत, वाकत नाहीत.
चौदा नऊमध्ये काय निघालं
मला अजून माहीत नाही.
तीस पावलांनी काय चुकलं, तेही.

परवा चरायला नेताना त्याच वाटेनं गेलो.
तेकबेर पुढं पळाली.
मी पोचलो तर ती दोन दगडांच्या मध्ये
वाळूला डबा लावून आडवी पडलेली,
तोंडातून आवाज नाही.

काय म्हणतंय गं तुझं यंत्र?

गप्प बस बाबा, म्हणाली.
ऐकू दे.